पाकोळ्यांचा कडा

उकऱ्याचं खरं नाव चटकन कुणाला आठवत नसे. उभा जन्म पोकलेनवर बसून वाळू आणि खडी उकरली, म्हणून तो उकऱ्या. त्या नावाचं त्याला काही वाटत नसे. मनात सल होता तो वेगळाच. ज्या टेकाडावर तो जन्मला, तेही त्यानेच उकरलं होतं. वडिलांनी जागा खाणवाल्यांना विकली आणि जुन्या घराला यंत्र लावायची पाळी नेमकी त्याच्यावर आली.

"परक्याने पाडण्यापेक्षा तूच काढ, हळू हाताने," थोरली बहीण म्हणाली होती.

त्याने काढलं. पण नंतर ताईने त्या बाजूला पाऊल टाकलं नाही.

पुढे वाळू संपली. ट्रक गेले, यंत्रांची घरघर थांबली, आणि खड्ड्यात पाणी झिरपून निळंशार तळं झालं. भोवती उभे, ढासळते काठ. ते काठ उतरते करायचे, कडेला ढीग घालून ठेवलेली वरची माती पुन्हा पसरायची, गवत पेरायचं, असं ठरलं. त्या कामावर आलेल्या इंजिनिअरबाईंनी उकऱ्याला निरोप धाडला. तो घरी रिकामा बसून बायकोच्या कामात लुडबुड करत होता. "न्या बाई ह्यांना!" बायकोनेच परस्पर सांगून टाकलं.

काम सुरू झालं आणि उकऱ्या जणू गुंगीतच गेला. आजवर खालचं वर काढलं, आता वरचं खाली सोडायचं. सकाळी तळ्यावर धुकं असे, पलीकडचा काठ दिसत नसे, आणि पोकलेनच्या बकेटच्या पाठीने तो ओली माती थोपटत राही, तान्ह्या बाळाला निजवावं तशी. सगळं पुसून टाकायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. इथे कुणी कधी उकरलं होतं हे कळूही नये.

शेवटी एकच उभा कडा उरला, उकऱ्याच्या घराच्या टेकाडाचा. उकऱ्याने बकेट उचलली, तशा इंजिनिअरबाई हातवारे करत पळत आल्या.

"थांबा काका, थांबा! वर बघा!"

कड्यात वरच्या अंगाला बिळंच बिळं होती, आणि त्यांतून चिमुकल्या तपकिरी पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या.

"हा कडा राहू द्यायचा. त्यांना उभीच भिंत लागते. उतार केला की साप-मुंगूस सरळ आत."

"बाई, सगळं करा, पण हा नको," उकऱ्या बकेट खाली न घेताच म्हणाला. "आमचं घर होतं इथे. मी पाडलं ते. हा कडा ठेवला, तर ते रोज माझ्या डोळ्यांपुढे."

बाईंनी एकवार वर बिळांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आजच्या दिवस नुसतं बघा. उद्या बोलू."

उकऱ्या रागाने यंत्र बंद करून समोरच्या काठावर जाऊन बसला. डबाही उघडला नाही. ऊन पाण्यावरून कड्यावर चढलं, हलत राहिलं, आणि सगळी वाळूच श्वास घेतेय असं वाटू लागलं. एक पाकोळी बिळाच्या तोंडाशी पाठमोरी बसून पायांनी वाळू मागे उडवत होती. कण चमकत खाली पडत होते. पुन्हा आत, पुन्हा वाळू. उकऱ्याला एकदम हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी तो तडक ताईकडे गेला. "माझ्याच जातीची पाखरं आलीत," म्हणाला. "उकरतात. पण त्यांचं उकरून घर होतंय."

ताईने हातातलं शिवण खाली ठेवलं.

कडा राहिला. बाकीच्या काठांवर गवत उगवून वाऱ्यावर लोळू लागलं, तेव्हा एका दुपारी ताई आपणहून आली. काठावरून तिने कडा न्याहाळला. मग तिने तळ्यावरच्या मोकळ्या हवेत, पूर्वी टेकाड होतं तिथे, बोट दाखवलं.

"तिथे स्वयंपाकघर. आईची खिडकी त्याच्या डावीकडे."

"उजवीकडे गं."

"मला सांगतोस? ती बघ, खिडकीतून गेली!"

पाकोळ्या हवेतल्या त्या घरातून खुशाल ये-जा करत होत्या. दोघं भावंडं खिडकीवरून भांडत उतार उतरली. ताईने चपला काढल्या, लुगडं जरा वर धरलं आणि पाण्यात पाय सोडले.

"गार आहे रे," ती म्हणाली. "ये, बस."