आज पेशंट कोणीच नाही

नागोयातलं आमचं तिसरं वर्ष. सासरे पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. एका सकाळी म्हणाले, "अगं, छाती भरून आल्यासारखी वाटतेय." नवरा कंपनीत गेलेला. मी बाबांना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. माझं जपानी तेव्हा स्टेशन आणि कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातल्या खरेदीपुरतं.

तरुण डॉक्टरने भाषांतरासाठी फोन पुढे धरला. नातवाला भेटायला आलोय, छाती भरून आल्यासारखी वाटतेय, असं बाबा मराठीत बोलले, फोन जपानीत बोलला, आणि डॉक्टर चक्क हसला. नातवाला भेटून म्हाताऱ्याचं मन भरून आलंय, असं फोनने त्याला सांगितलं होतं. हे मला फार नंतर कळलं. मी आपली जपानीत 'दुखतंय, दुखतंय' म्हणत राहिले; कुठे, ते सांगता येत नव्हतं. त्याने पोटाच्या गोळ्या दिल्या.

दोन दिवसांनी बाबा सबवेच्या जिन्यावर कोसळले. वाचले, पण त्यांच्या हृदयाची ताकद गेली ती गेलीच.

मग मी जपानी शिकायला लागले, आणि पुढे एका छोट्या संस्थेत जायला लागले. एक निवृत्त नर्सबाई ती चालवायच्या. परदेशी पेशंटचं कसं ऐकून घ्यावं, यावर त्या नव्या डॉक्टरांसाठी मोफत कार्यशाळा घ्यायच्या. मी त्यात खोटी पेशंट व्हायचे आणि मराठीतच बोलायचे. डॉक्टर जमवायचं कामही माझ्याकडेच आलं.

हॉस्पिटलांच्या कँटीनमध्ये मी पत्रकं वाटत हिंडले. सगळे दोन्ही हातांनी, वाकून घ्यायचे आणि ट्रेबरोबर परत ठेवून द्यायचे. एक मुलगा तेवढा खरं बोलला. "यावंसं वाटतं हो, पण रविवारीच काय ती झोप मिळते." त्याच्या डोळ्यांकडे बघून मला रागही धरता येईना.

त्या रविवारी मी हॉलभर खुर्च्या मांडल्या आणि तिघं आले. एकाला साहेबांनी पाठवलं होतं; तो मागे बसून पेंगला. दुसरा फोनवरच बोलत राहिला. तिसरी होती एक बारीकशी मुलगी. मी म्हटलं, "छाती भरून आल्यासारखी वाटतेय." तिने भाषांतर वाचलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन बाजूला ठेवला. आपल्या छातीवर मूठ दाबून तिने भुवया उंचावल्या. असं? मी मान हलवली.

पुढच्या खेपेला कोणीच आलं नाही. मग संस्थेच्या मीटिंगमध्ये विषय बदलायचं ठरलं. 'परदेशातल्या परिषदेत इंग्रजीतून कसं बोलावं.' शिकवायला एक अमेरिकन गृहस्थ बोलावले.

"इंग्रजी तर मलाही येतं," मी म्हटलं.

"हो, हो, तुमचं छानच आहे," नर्सबाई म्हणाल्या, आणि मला दारावर नावाचे बिल्ले द्यायला उभं केलं.

हॉल भरला. बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. रविवारी झोपणारी सगळी मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून हजर होती. ती बारीकशी मुलगीही आली. तिने मला ओळखलं.

"आज तुम्ही पेशंट नाही?"

"नाही. आज पेशंट कोणीच नाही," मी म्हटलं.

तिला ती गंमत वाटली. हसत आत गेली, पहिल्या रांगेत बसली.

कार्यक्रम संपल्यावर नर्सबाई खुशीत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आता माणसं येतायत, तर शेवटचा एक तास तरी पेशंटसाठी ठेवू या. मी पुन्हा करीन."

"विचार करून ठेवते," त्या म्हणाल्या.

इथे 'विचार करून ठेवते'चा अर्थ 'नाही' असा होतो, एवढं जपानी मला आता येत होतं. ज्या भाषेसाठी मी जिवाचा आटापिटा केला, तिच्यात मला नीट समजलेला हा पहिला गोड नकार. मी खुर्च्या न आवरताच निघाले.

परत गेले नाही. का येत नाही, म्हणून त्यांनीही विचारलं नाही. कार्यशाळा अजून चालू आहेत. बसायला जागा मिळत नाही म्हणे.