पेटीवरचं तिसरं नाव

एतेरी तशी गरीब गाय, पण ती हॉस्पिटलात. घराचा विषय काढलात की तिच्या तोंडाला लागायची सोय नाही. आणि का चिडू नये तिनं? जॉर्जियाहून जर्मनीत हॅनोवरला नर्स म्हणून आली आणि चार महिन्यांत सदतीस घरं बघून झाली पोरीची. पोरगी म्हणजे, चव्वेचाळिशीची! एका ठिकाणी जिन्यात साठ माणसांची रांग. दुसरीकडे मालक विचारतो, "तुमच्या स्वयंपाकाला वास येतो का हो?"

"वास नाही आला तर तो स्वयंपाक कसला?" एतेरी म्हणाली. गेलं तेही घर.

शेवटी फ्राऊ वीबुश नावाच्या बाईंनी आपल्या घरातली मागची खोली दिली. अट एकच, खालच्या पत्रपेटीवर नाव लावायचं नाही.

"नाव लावलं की माणसं हलायचं नाव घेत नाहीत," म्हणे.

आमच्या हॅनोवरचा पोस्टमन तर पेटीवर नाव नसलं की पत्र आल्या पावली परत नेतो. आणि एतेरीचा नर्सचा परवाना यायचा होता तो पोस्टानंच. तो परत गेला की नोकरी गेली, आणि एतेरी पुन्हा जॉर्जियात, कुताइसीला आईच्या दारात.

बरं, त्या पेटीवर होतं तरी कोण? वीबुश नवरा-बायको, त्यातला नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. आणि खाली मिमी. मिमी म्हणजे मांजर!

एतेरीनं हॉस्पिटलची चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलं. संध्याकाळी पट्टी गायब. दुसरी लावली, तीही. तिसरी तर बाईंनी तिच्या डोळ्यांदेखत खरवडली.

शुक्रवारी एतेरी केसांना रंग लावून बसली होती, तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला, "या नावाचं इथं कुणी राहत नाही."

डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, मानेवर रंगाचे ओघळ, पासपोर्ट उचलून तशीच धावली जिन्यावरून.

"भाडं घेताना राहते, आणि पत्र आलं की राहत नाही होय?"

पोस्टमन बिचारा गडबडला. "पण पेटीवर तुमचं नाव नाहीये..."

"मेलेल्या माणसाचं आहे, मांजरीचं आहे! त्यांची पत्रं टाकता ना? मग मी काय त्यांच्याहून गेलेली?"

पासपोर्ट नाकासमोर धरला तसं त्यानं मुकाट्यानं परवान्याचं पाकीट दिलं. एतेरीनं ते काखेत मारलं आणि खिशातून जाड पेन काढलं. सलाईनच्या बाटल्यांवर दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहायचं तेच पेन. पेटीच्या पत्र्यावर, मिमीच्या वर, लिहिलं स्वतःचं नाव. ठळक.

"अहो, ते पुसलं जाणार नाही!" फ्राऊ वीबुश किंचाळल्या.

"नाहीच जात," एतेरी म्हणाली आणि केस धुवायला वर गेली.