पाठीवरची माती

अकोल्यात आमच्या गल्लीतला पैलवान ज्याला चीत करायचा, त्याला हात देऊन उठवायचा, त्याच्या पाठीवरची माती झटकायचा आणि त्या देहाला न शोभणाऱ्या बारीक आवाजात विचारायचा, "लागलं त नाई ना, भाऊ?"

पुढे तो एका प्लॉटवाल्यासाठी लोकांना धमकवायला जाऊ लागला. तिथल्याच भांडणात त्याने आपटलेला माणूस मेला. सुरा आधी त्या माणसाने काढला होता. मी पाहिलं होतं. कोर्टात मात्र "दिसलं नाही" म्हणालो. मेलेल्याच्या भावांना भ्यालो, दुसरं काही नाही.

शिक्षा झाली तेव्हा मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो. तो येताना दिसला तशी मी पाठ फिरवली. पोलिसांबरोबर जाताना तो थांबला. बेड्या घातलेल्या हातांनी त्याने माझ्या पाठीला लागलेला चुना झटकला.

"लागलं त नाई ना, भाऊ?"