मिनसिलूची न फुटलेली काच

रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या आकाशात तो उल्केचा दगड फुटला, त्या सकाळी मिनसिलूच्या इमारतीतली एकूण एक खिडकी फुटली. वाचली ती फक्त मिनसिलूच्या स्वयंपाकघराची. ट्रामवर तिकिटं फाडण्यात जन्म गेलेली ही तातार विधवा. तिला उभ्या आयुष्यात सोडतीत साधा साबण लागला नव्हता, आणि नशीब उघडलं ते असं.

"उल्केशी काय साटंलोटं आहे गं तुझं?" वरच्या मजल्यावरच्या तमाराने विचारलं. तिच्या गालाला टाके पडले होते. "घाल हातोडा! सरकारवाले नव्या खिडक्या फुकट बसवून देतायत. शहाणी माणसं आपल्या हाताने फोडतायत."

"चांगली धडधाकट काच कशाला फोडू?" मिनसिलू हसून म्हणाली. तेव्हा तिला त्याची गंमतच वाटत होती.

धास्ती मागाहून आली. आकाशात लख्ख उजेड पडला तेव्हा सगळ्यांसारखीच तीही खिडकीशी धावली होती. काचेला कपाळ टेकवून धुराची रेघ बघत उभी राहिली होती. धमाका झाला तो त्यानंतर. लोकांच्या काचा अंगावर आल्या. हिची नुसती थरथरली, आणि ती थरथर कपाळातून आत शिरली ती शिरलीच. भांडी विसळताना, पावाच्या रांगेत उभी असताना कपाळ अचानक झणझणायचं. हळूहळू तिच्या मनाने घेतलं, की सगळ्यांचा वाटा त्यांना मिळून गेला. आपला तेवढा राहिलाय, आणि तो यायचाय.

अधूनमधून टीव्हीवर नव्या दगडाची बातमी यायची. पृथ्वीवर आदळण्याची शक्यता शंभरात एक, पुढच्या आठवड्यात हजारात एक, मग काहीच नाही. लोक चॅनेल बदलायचे. मिनसिलूला वाटायचं, हा नाही, म्हणजे पुढचा.

"आई, कोण सुटलं ते दगडाला काय ठाऊक?" तिची मुलगी अलसू वैतागायची. ती शाळेत गणित शिकवायची. "तुझी शक्यता तेवढीच, जेवढी माझी. नसल्यातच जमा."

"मग तेव्हा मला एकटीलाच का सोडलं?"

अलसू कपाळाला हात लावायची.

अलसू शाळेत गेली की तिची चिमुरडी झुहरा आजीकडे असायची. मिनसिलूला जगात दुसरं होतंच कोण? हिवाळ्यात ट्रामच्या तारेवर बर्फ साचतं, निळी ठिणगी उडते आणि भिंती उजळतात. तसं झालं की मिनसिलू पोरीला ओढून टेबलाखाली घ्यायची. "आधी उजेड, मग आवाज," ती कानात सांगायची. "खिडकीशी जायचं नाही."

एका संध्याकाळी अलसूने आपल्या घरी दिवा लावला, आणि झुहरा डोळ्यांवर हात घेऊन टेबलाखाली शिरली.

"आई, आता मी हिला तुझ्याकडे ठेवणार नाही," अलसू फोनवर म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून मिनसिलू जास्तच घाबरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लाटणं घेतलं आणि ती काच फोडली. थंडी अडवायला खिडकीला दोन काचा होत्या, त्यातली आतली आणि बाहेरचीही. घरात थंडी घुसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं कपाळ शांत झालं.

"आत्ता फोडलीस?" वरून तमारा ओरडली. "बयो, फुकटच्या खिडक्या केव्हाच संपल्या!"

मिनसिलूने फोन लावला. "अलसू, माझा वाटा मी देऊन टाकला. आता नाही घाबरवणार तिला. आण गं पोरीला."

अलसू आली, काचा पाहिल्या, आणि आईला घट्ट धरून रडली. नवी खिडकी बसल्यावर ती झुहराला घेऊन आली.

मिनसिलूने नातीला नव्या खिडकीशी स्टुलावर उभं केलं. काचेला नाक लावून दोघी खालची ट्राम बघत होत्या. तारेवर ठिणगी उडाली, स्वयंपाकघर निळं झालं. मिनसिलू जागची हलली नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती हसलीच.

"बघ, काही नाही झालं."

स्टूल रिकामं होतं. झुहरा टेबलाखाली अंग चोरून बसली होती, शेजारी आजीपुरती जागा ठेवून.

"आजी, लवकर ये ना," ती कुजबुजली. "आवाज यायचाय अजून."