खिशातले फ्यूज

वीरधवल भित्रा आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो आणि तोही नाही म्हणत नाही. कराडजवळच्या मलकापूरच्या पुढं आमचं गाव, आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. तो माधवनगरच्या एका छोट्या कंपनीसाठी घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो. आठवड्यातून एकदा तिकडं जाऊन येतो, बाकीचे दिवस लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी. लहानपणी तो विहिरीला, कुत्र्यांना आणि गणिताच्या मास्तरांना भ्यायचा. आता चौतिसाव्या वर्षी एआयला भितो.

भ्यायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीत प्रोग्राम लिहिणारे पाच जण होते. एआयचं टूल आलं आणि पाचाचे दोन झाले. ज्याला वीरूचे दोन दिवस जायचे ते काम टूल चहा निवेपर्यंत करून द्यायचं. सुरुवातीला तो त्याची ओळ न् ओळ वाचायचा. मग साहेब विचारायला लागले, अजून झालं नाही का? मग वीरू वरवर वाचायला लागला. पुढं पुढं तर नुसतं चालवून बघायचा आणि चाललं की पाठवून द्यायचा.

"मी लिवणारा ऱ्हायलोच न्हाई रं गड्या," तो एकदा म्हणाला. "नुस्ता सही करणारा झालोय."

जेवतानाही त्याचं लक्ष नसायचं. त्याची बायको, क्रांतीवहिनी, कराडच्या एका दवाखान्यात नर्स आहेत. दिवसभर उभं राहून आल्या तरी त्यांची जीभ काही थकत नाही. "आवं, आमटीत मीठ हाय का न्हाई ते तरी त्या एआयला इचारून सांगा," त्या म्हणायच्या. वीरू मान डोलवायचा आणि अळणी आमटी ओरपायचा. त्याच्या मनात एकच चालू असायचं, की दोनाचा एक होईल तेव्हा तो एक आपण असू का?

कंपनी शेतातल्या मोटरींसाठी एक डबा बनवते. तो स्टार्टरशेजारी बसवला की घरबसल्या मोबाईलवरून मोटर चालू-बंद करता येते. लाईट जाऊन परत आली तर चालू ठेवलेली मोटर आपोआप पुन्हा सुरू होते. आमच्याकडं शेतीच्या लाईटीचा काही नेम नसतो, त्यामुळं डबा चांगला खपला. गावातला पहिला डबा अर्थातच वीरूच्या वडिलांच्या, कृष्णाकाठच्या मोटरीवर बसला.

वडील म्हणजे मानसिंगआबा, फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांची एक जुनी सवय होती. मोटरीला हात लावायच्या आधी पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे, सदऱ्याच्या खिशात घालायचे आणि वरून बटण लावायचं. फ्यूज खिशात असले की कुणी चुकूनही मोटर सुरू करू शकत नाही. आम्ही पोरं हसायचो. आबा म्हणायचे, "बंदूक पुसायच्या आधी ती मोकळी हाय का, हे सोताच्या बोटानं बघायचं. दुसऱ्यानं सांगितल्यालं धरायचं न्हाई." तीस वर्षांत त्यांनी ही सवय एकदाही मोडली नव्हती.

गेल्या मार्चमधला रविवार. दुपारचं जेवण उरकून मी वीरूकडं गेलो होतो. तेवढ्यात त्याच्या फोनवर जतकडच्या कोंडीबा नावाच्या गिऱ्हाइकाचा रेकॉर्ड केलेला निरोप आला, तो त्यानं मलाही ऐकवला. "सायेब, काल मोटर मोबाईलवरनं बंद केलीती. लाईट जाऊन आली आन् ती आपली आपन सुरू. मेंढरांच्या हौदाचं पानी निम्म्या रस्त्यावर गेलं बगा."

आम्ही दोघंही हसलो. वीरूनं लॅपटॉप उघडला आणि पंधरा मिनिटं ओळ न् ओळ वाचत बसला.

"मी हे वाचलंच नव्हतं," तो म्हणाला.

त्यानं मला सांगितलं ते असं. मोबाईलवरून बंद केलं की डबा ते लक्षात ठेवतो, पण फक्त लाईट असेपर्यंत. लाईट गेली की तो विसरतो. परत आली की दहा सेकंद थांबतो आणि मोटर सुरू करतो. मोबाईलवर मात्र 'बंद' असंच दिसत राहतं. महिन्यापूर्वी टूलनं लिहून दिलेला भाग वीरूनं न वाचता पुढं पाठवला होता आणि तो नेटवरून सगळ्या डब्यांत जाऊन बसला होता.

"आबा कुठायत?" त्यानं ओरडून विचारलं.

"नदीला गेल्यात की," वहिनी आतून म्हणाल्या. "पंप गळतोय म्हणून दोरी भराय."

दोरी भरायची म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती बोटांनी सूत ठासायचं. दोन्ही हात तिथंच. आणि शेतीची लाईट एक वाजल्यापासून गेलेली होती.

वीरूनं आबांना फोन लावला. त्यांचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तिथंच वाजला. वहिनींनी तो बाहेर आणला. त्यावर मोटरीचं चित्र होतं आणि खाली लाल अक्षरांत 'बंद'.

मोटरसायकल वीरूनंच काढली. मी मागं बसलो. उसाच्या पाणंदीतनं तो अशी पळवत होता की मी जीव मुठीत धरून बसलो. "फ्यूज काढलेच असतील रं!" मी त्याच्या कानाशी ओरडलो. "आबा कवा इसरलेत का?" त्यानं वेग आणखी वाढवला. बाजूच्या शेतातल्या मोटरी गप्प होत्या, म्हणजे लाईट अजून आलेली नव्हती. त्या गप्प आहेत तोवर आबा सुखरूप, एवढंच मला कळत होतं.

आबा पंपाला पोटाशी धरून बसले होते. मनगटापर्यंत हात आत. वीरूनं हाक मारली नाही, सरळ काखेत हात घालून त्यांना मागं ओढलं. दोघंही चिखलात पडले.

"आरं, खुळा झालास का काय?" आबा खवळले. "तार करू का तुझ्या सायबाला, खूळ लागलंय म्हणून?"

वीरू त्यांच्या सदऱ्याचा खिसा चाचपत होता. बटण उघडं होतं. खिशात चुन्याची डबी होती, बाकी काही नाही.

"फ्यूज कुठायत, आबा?"

"पेटीतच हायत."

"काढलं न्हाईत?"

"कशाला काढू?" आबांना प्रश्नच कळला नाही. "मोबाईलवर बंद दाखवत हुतं की. तू केलायस तो डबा. तुझ्यावरबी इस्वास ठिवायचा न्हाई, व्हय?"

वीरू पेटीकडं जायला उठला. तेवढ्यात पलीकडच्या शेतात एक मोटर घुमली. मग दुसरी. लाईट आली होती. मी मनात मोजायला लागलो. आमच्या तिघांतलं कुणीही हललं नाही. दहाला आबांची मोटर सुरू झाली आणि दांड्यापाशी राहिलेलं सूत एका झटक्यात आत गेलं. आबा आपल्या हातांकडं बघत राहिले. मग उठले, लाल बटण दाबलं, तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात घालून बटण लावलं. पोराला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं वीरू आजही म्हणतो.

घरी येऊन त्यानं साहेबांना फोन केला. चूक माझी आहे, मी न वाचता पाठवलं, असं सरळ सांगितलं. नोकरीची भीती त्या दिवशी त्याला शिवलीसुद्धा नाही. मग त्यानं यादी काढली. डबे एकशे एकतीस. निम्मे नंबर त्यानं घेतले, निम्मे मला आणि वहिनींना दिले. मोटरीला हात लावू नका, आधी फ्यूज काढा, एवढंच सांगायचं होतं.

कोंडीबाचा नंबर वीरूच्या वाट्याला आला होता. फोन बाईनं उचलला. "त्ये मोटरीपाशी गेल्यात," ती म्हणाली. वीरूनं फोन माझ्या हातात कोंबला. मी तिला पळत जाऊन त्यांना थांबवायला सांगितलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी कोंडीबाचाच आवाज आला.

"फ्यूज व्हय? खिशात हायत की, सायेब. तुमच्या डब्यावर कोन इस्वास ठेवतंय?" आणि तो मोकळेपणानं हसला.

संध्याकाळपर्यंत सगळे फोन झाले. कुणी आधीपासूनच फ्यूज काढतो म्हणालं, कुणी दर वेळी मेन स्विच पाडतो म्हणालं. वीरूनं यादीवर शेवटच्या नावापुढं खूण केली आणि पेन खाली ठेवलं. एकशे एकतीस जणांत डब्यावर पूर्ण भरवसा ठेवणारा एकच माणूस निघाला होता. तो ओसरीवर बसून, खिशाचं बटण लावलेलं आहे ना, हे पुन्हा पुन्हा बोटानं बघत होता.