एकदाच आलेला राग

कैद्यांच्या स्वभावाचा अभ्यास करायला मी तुरुंगात गेले होते. समोर बायकोच्या खुनाची शिक्षा भोगणारा एक मध्यमवयीन माणूस बसला होता. माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय हे पाहून त्याने उठून खिडकी लोटून घेतली. गुन्हेगार तापट, उतावळा, निर्दय असतो असं मी वर्गात शिकवते. त्यातलं याच्यात काहीच दिसेना.

"राग लवकर येतो का?" मी विचारलं.

"नाही मॅडम. जन्मात एकदाच आला."

अशा माणसांचा पिंडच वेगळा असतो, या भरवशावर तर मी आजवर निर्धास्त होते.

"तुम्हाला येतो?" त्याने सहज विचारलं.

"नाही. अजून तरी नाही," मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडचा तो 'अजून' मला ऐकू आला.