सहा माग आणि आईची बोटं

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघते. कुठलं यंत्र बाकीच्यांना खोळंबवून ठेवतंय ते हुडकायचं आणि सगळा कारखाना त्याच्या चालीनं चालवायचा, हे माझं रोजचं काम. त्यात मी हुशार आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तरी वडगावातल्या आमच्या घरात सहा माग आहेत आणि तिथं काय अडतंय हे मला कित्येक वर्षं दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

साड्या उशिरा जात होत्या. व्यापाऱ्यानं आप्पांना शेवटचं बजावलं होतं, दसऱ्याचा माल चुकला तर पुढचं काम दुसऱ्याला. तेवढं एकच गिऱ्हाईक उरलं होतं. आप्पांनी तोडगाही ठरवून टाकला होता, सातवा माग घ्यायचा. मी म्हटलं, आधी मला आठवडाभर बघू द्या.

मागावरचा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पिळून जोडावा लागतो. हजारो धागे. बोटांना राख लावून आमच्या घरात ते फक्त आई करते. एका मागाला तिचे दोन दिवस जातात, कारण मधेमधे स्वयंपाक, आडव्या धाग्याच्या कांड्या भरणं, आल्यागेल्याचं बघणं. तोवर बाकीचे माग रांगेत गप्प उभे.

रविवारी जेवताना मी मोठ्या तोऱ्यात निकाल दिला, “आप्पा, सातवा माग नको. सगळं आईपाशी अडतंय.”

आईनं हातातला घास ताटात ठेवला. “व्हय, मीच अडवलंय सगळं,” म्हणाली आणि उठली. कारखान्यात हेच वाक्य मी यंत्राबद्दल रोज बोलते, कुणाला काही वाटत नाही. मला स्वतःची भयंकर चीड आली.

मी तिच्या मागोमाग गेले. “आई, तुझा एक तास या घरात सगळ्यात मोलाचा आहे, एवढंच म्हणायचं होतं मला.”

“मोलाचा म्हनं! महिनाअखेरीला मला सांधायला काय नसतंय, आणि अमावास्या झाली की सहाच्या सहा अंगावर. हे कुठं शिकवलं न्हाय व्हय तुला?”

हे मी धरलंच नव्हतं. अमावास्येला माग बंद ठेवायचे आणि नवा ताणा चढवायचा तो दुसऱ्या दिवशी नारळ फोडूनच, ही आजोबांपासूनची रीत. आधी संपलेला मागही त्या मुहूर्तासाठी रिकामा थांबायचा. अडवत होती ती ही रीत, आणि मी खुशाल आईकडं बोट दाखवलं होतं.

“मुहूर्त सोडून ताणा चढवायचा? खुळी झालीस काय गं?” आप्पा भडकले. मी हटले नाही. नारळ अमावास्येनंतरच फोडा, सहाही मागांचा मिळून एक. पण जो माग रिकामा होईल त्याला त्याच दिवशी ताणा द्या. कांड्या मी सकाळी भरून जाईन. आईनं फक्त जोडायचं.

आप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एक माग संपला, आणि त्यांनी स्वतःच नवा ताणा आणून मागावर चढवला. दसऱ्याचा माल वेळेआधी गेला. व्यापाऱ्यानं पुढचं काम आम्हालाच दिलं आणि सातव्या मागाचं नाव परत निघालं नाही.

दसऱ्यानंतर एकदा आप्पांनी सवयीनं सोप्यातून हाक दिली, “अगं, चहा टाक की.”

“तुमीच टाका,” आई आतून म्हणाली. “मी उठले तर माग थांबतोय.”

आप्पा उठले. डबे उघडून बघत बसले, कारण साखर कुठल्या डब्यात असते तेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी कप-बशी घेऊन ते मागापाशी आले. आईचे दोन्ही हात धाग्यांत अडकलेले. मी दारातून बघत होते. आप्पा तिच्याजवळ खाली बसले, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्या तोंडाशी धरली.